जनाबाईचं जातं : हलत्या देखाव्याच्या कामाच्या नोंदी

आमच्या तालीम मंडळाचा २०२५ चा गणपती देखावा मी आणि तिघा पोरांनी मिळून केला. मी डिप्लोमा करून उद्यमनगरात एका वर्कशॉपला नोकरी करतो, म्हणून यंत्राचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापुरात दरवर्षी बरीच मंडळं हलता देखावा करतात आणि दरवर्षी त्याच चुका होतात, कारण कोणी लिहून ठेवत नाही. या वेळी वहीत रोज लिहीत गेलो. थोडं साफ करून इथे देतोय.

२२ जून, रविवार

बैठकीत विषय ठरला : जनाबाई दळतेय आणि समोर बसून विठ्ठल तिला हात देतोय. मागे एक फिरता चौथरा, त्यावर जनाबाईची बाकीची कामं. एक प्रसंग समोर आला की थांबायचं, मग पुढचा. यंत्रासाठी १५,००० रुपये मिळाले. २०१८ पासून थर्माकोल बंद आहे, त्यामुळे आकृत्या कागदाच्या लगद्याच्या, जातं प्लायचं.

आधी आजीकडे गेलो. ती ८२ वर्षांची आहे, लग्नानंतर तीस-एक वर्षं तिनं जात्यावर दळलंय. तिला रिकाम्या खुर्चीसमोर हात फिरवून दाखवायला सांगितलं. हात गोल फिरतो, पण खरं काम पाठीचं. "नुसता हात फिरवला तर खांदा जातो रे, कंबरेतनं झुकायचं," असं म्हणाली. मोबाइलवर चित्रण केलं. पुढच्या दोन महिन्यांत ते चित्रण पुस्तकांइतकंच कामी आलं.

२८ जून, शनिवार

मागच्या वर्षी मनात आलं ते थेट वेल्डिंग करून बसवलं होतं आणि तीन वेळा तोडावं लागलं. या वेळी ठरवलं की कल्पना आधी पुस्तकात शोधायची. सापडली तर चित्राशी ताडून बघायची, सापडली नाही तर का नाही ते शोधायचं.

तीन पुस्तकं वापरली. पहिलं हेन्री ब्राऊन यांचं, १८६८ सालचं, यंत्रातल्या ५०७ हालचालींचं. डाव्या पानावर चित्रं, उजव्या पानावर दोन-चार ओळींचं वर्णन. त्याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय, म्हणून स्कॅनवरून प्रिंट काढून स्पायरल करून घेतली. दुसरं आर्टोबोलेव्हस्की यांचं, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं, अनेक खंडांचं. ते पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत बसूनच बघावं लागतं, घरी देत नाहीत. तिसरं म्हणजे हरोन्स आणि नेल्सन यांचा १९५१ चा नकाशासंग्रह. त्यात फक्त फोर-बारच्या (चार दांड्या सांध्यांनी जोडलेली यंत्रणा, एकेक दांडी म्हणजे लिंक) मधल्या लिंकवरचा बिंदू कसकसा फिरतो त्याचे हजारो आलेख आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत तो मोठ्या आकाराचा ग्रंथ मिळाला, हवी ती पानं मोबाइलवर घेतली.

कॉलेजात सगळ्यांच्या बॅगेत असतं ते पीएसजी डेटा बुक इथे उपयोगाचं नाही. बेअरिंग, स्प्रिंग, बोल्ट यांचे आकडे त्यात मिळतात, हालचाल कशी करायची ते मिळत नाही.

२९ जून, रविवार

जात्याची कल्पना ताडून बघितली. वरचा दगड मोटरवर फिरतो, त्यावरचा खुंटा म्हणजे क्रँक. खुंट्यापासून खांद्यापर्यंतचा हात ही मधली लिंक. कंबरेतनं झुकणारं धड म्हणजे रॉकर. क्रँक गोल फिरतो आणि रॉकर पुढे-मागे झुलतो ही पुस्तकातली जुन्यात जुनी जोडी. क्रँकला पूर्ण फेरा घेता येतो का ते बघायला ग्राशॉफचा नियम लावला : सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या लिंकची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त नको. बसला. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन नमुना केला, तो सुरेख फिरला.

याच नमुन्यामुळे पुढे दोन आठवडे गेले. टेबलावरच्या पुठ्ठ्यात क्रँक आणि रॉकर एकाच सपाटीत होते. खऱ्या देखाव्यात खुंटा आडव्या सपाटीत फिरतो आणि धड उभ्या सपाटीत झुकतं. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. काम बंद.

१२ जुलै, शनिवार

चौकोनी पाइपची फ्रेम तयार. कंबरेच्या बिजागरापासून खांदा ३०० मिमी, खुंटा मध्यापासून १२० मिमी. हात १० मिमी सळईचा, दोन्ही टोकांना साधे बोल्ट. हातानं दगड फिरवला तर पाव फेऱ्यातच अडकला. जोर लावल्यावर सळई वाकली.

तेव्हा कळलं. खुंटा नुसता पुढे-मागे जात नाही, १२० मिमी डावीकडे आणि १२० मिमी उजवीकडेही जातो. साध्या बोल्टला बाजूला वळणं माहीतच नाही. संध्याकाळी लायब्ररीत जाऊन आर्टोबोलेव्हस्कीचा लिव्हरचा खंड पुन्हा उघडला. सपाट यंत्रणांनंतर एकाच सपाटीत न राहणाऱ्या, त्रिमितीतल्या चार लिंकच्या यंत्रणा दिल्या आहेत. तिथल्या चित्रांत मधल्या लिंकच्या दोन्ही टोकांना गोळा काढलेला असतो. मी पहिल्यांदा ती पानं ओलांडून गेलो होतो.

जो कोणी बसलेली किंवा उभी आकृती हलवणार असेल त्यानं चित्रातला प्रत्येक सांधा कोणत्या आसाभोवती फिरतो ते आधी पेन्सिलीनं लिहावं. सगळे आस एकमेकांना समांतर असतील तरच पुठ्ठ्याच्या नमुन्यावर भरवसा ठेवावा.

१९ जुलै, शनिवार

चार रॉड एंड (सळईच्या टोकाला लावायची, आत गोळा बसवलेली कडी) आणले, ८ मिमीचे, १९० रुपयांना एक. दोन्ही आकृत्यांच्या हातांना दोन्ही टोकांना लावले. पुन्हा अडकलं, पण वेगळ्या जागी.

खांदा खुंट्यापेक्षा बराच वर आहे, त्यामुळे हात सुमारे २८ अंश उतरता येतो. मी आणलेला रॉड एंड उभ्या बोल्टवर जेमतेम १३ अंश कलतो, मग त्याची कड बोल्टच्या वॉशरला टेकते. पुस्तकातला गोळा हवा तितका कलतो, दुकानातला नाही. कॅटलॉगमध्ये हा कोन छापलेला होता, मी फक्त भोकाचं माप बघितलं होतं.

बोल्टच तिरका बसवून बघितला. खुंट्याबरोबर तोही गोल फिरतो, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात मदत आणि उरलेल्या अर्ध्यात दुप्पट अडचण. तासाभरात काढला.

२० जुलै, रविवार

वॉशरांची चळत लावून, कड थोडी घासून जनाबाईचा हात कसाबसा फिरता केला. तर नवीनच प्रकार. लगद्याचा कोपरात वाकवलेला हात स्वतःच्याच आसाभोवती लोळायला लागला. कोपर कधी खाली, कधी एकदम वर. दोन्ही टोकांना गोळा असला की लिंकला स्वतःभोवती गिरकी घ्यायला कोणी अडवत नाही. नुसती सळई असती तर ते दिसलंही नसतं. माणसाचा हात म्हटल्यावर मात्र ते भयंकर दिसतं. पोरांपैकी एकजण म्हणाला, "दादा, हात मोडल्यासारखा वाटतोय." खरं होतं.

२६ जुलै, शनिवार

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघालं, आणि मला वाटतं या सगळ्या कामातली हीच गोष्ट दुसऱ्यानं उचलावी.

खुंट्यावर मोकळी फिरणारी नळी चढवली, आत बुश (घासणं सोसणारं अस्तर). नळीला दोन कान वेल्ड केले आणि त्यांत आडवा बोल्ट घालून हाताची सळई अडकवली. नळी उभ्या आसाभोवती फिरते, बोल्टवर हात हवा तितका वर-खाली होतो. म्हणजे खुंट्यापाशी युनिव्हर्सल जॉइंट झाला. गोळ्याचा रॉड एंड फक्त खांद्याला ठेवला. आता २८ अंशांची अडचण राहिली नाही. आडवा बोल्ट हाताला स्वतःभोवती फिरू देत नाही, त्यामुळे गिरकीही थांबली. एकाच खुंट्यावर दोन नळ्या एकावर एक : खालची जनाबाईची, वरची विठ्ठलाची. लेथवाल्यानं नळ्या आणि बुशांचे ११०० रुपये घेतले. दोन रॉड एंड फुकट गेले.

आजीला चित्रण पाठवलं. तिचं म्हणणं, जनाबाई फार वाकते. मोजलं. १२० मिमीच्या खुंट्याला ३०० मिमीचा खांदा जवळजवळ २४ अंश झुकत होता. खुंट्याचं भोक ७० मिमीवर घेतलं, झुकणं साडेतेरा अंशांवर आलं. खुंटा कडेऐवजी आत आला हे जवळून बघणाऱ्याला कळेल, पण झुकणं आता खरं वाटतं.

२ ऑगस्ट, शनिवार

भंगारातली गाडीची वायपर मोटर लावली. १२ व्होल्टवर हळू वेगात मिनिटाला ४४ फेरे मोजले. मोटरवर सायकलचं १८ दात्यांचं फ्रीव्हील, जात्याखाली ४४ दात्यांचं पुढचं चाक. जातं मिनिटाला १८ फेरे. आजीच्या चित्रणाशी जुळतं.

पण प्रत्येक फेऱ्यात एकदा "टक" आवाज आणि दोन्ही आकृत्यांना झटका. चेन सैल असेल म्हणून तीन तास चेनशी खेळलो. चेनचा दोष नव्हता.

दोन कारणं एकत्र होती. पहिलं फ्रीव्हीलचं. एका बाजूनं ते मोकळं सुटतं, सायकल उतारावर सुटते तसं. धड पुढे पडलं की जातं मोटरच्या पुढे पळतं, मग मोटर गाठेपर्यंत थांबतं, आणि गाठते तेव्हा टक. फ्रीव्हील वेल्ड करून घट्ट केलं.

दुसरं कारण वजनाचं. माझी समजूत होती की जनाबाई पुढे येते तेव्हा विठ्ठल मागे जातो, म्हणजे दोघांची वजनं एकमेकांना तोलतील. कागदावर बाण काढल्यावर दिसलं की उलट आहे. दोघं समोरासमोर बसलेत. जनाबाईचं पुढे म्हणजे विठ्ठलाचं मागे, दोन्ही एकाच दिशेला. दोघांचं वजन खुंट्याला एकाच बाजूला ओढतं. पुस्तकातल्या लिंक म्हणजे नुसत्या रेघा असतात, त्यांना वजन नसतं. वजन आपण घालून बघायचं.

३ ऑगस्ट, रविवार

प्रत्येक धड साडेतीन किलो, त्याचा तोल कंबरेच्या वर २०० मिमीवर. धडाची पट्टी बिजागराच्या खाली, चौथऱ्याच्या आत वाढवली आणि १४० मिमीवर तालमीतली पाच किलोची प्लेट बांधली. ३.५ गुणिले २०० म्हणजे ७००, आणि ५ गुणिले १४० म्हणजेही ७००. मोटर काढून हात लावला तर धड जिथे सोडावं तिथे उभं राहतं. झटका गेला, मोटरचा आवाजही उतरला. वस्ताद प्लेटा द्यायला नाखूश होते. विसर्जनानंतर परत करायचं वचन दिलं.

९ ऑगस्ट, शनिवार

मागचा चौथरा. थांबत थांबत फिरायला जिनिव्हा चाक : खाचा असलेलं चाक, शेजारच्या क्रँकवरची खुंटी दर फेऱ्याला एका खाचेत शिरून ते एक टप्पा सरकवते. ब्राऊनच्या पुस्तकात ते आहे, पण त्यातली आकृती तशीच कापू नका. ते चित्र स्विस घड्याळाला ठरावीक फेऱ्यांपलीकडे चावी बसू नये म्हणून केलेल्या अटकावाचं आहे. त्यात एका जागी आत वळलेल्या कडेऐवजी बाहेर फुगलेली कड ठेवलेली असते आणि तिथे चाक मुद्दाम अडतं. सोबतच्या दोन ओळी वाचल्या म्हणून वाचलो. सलग फिरायला सगळ्या कडा सारख्या हव्यात.

चार खाचांची फुली निवडली, कारण प्रसंग चार होते : पाणी भरणं, धुणं, गोवऱ्या वेचणं, वेणी. सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म एकेक चौकट सरकवायला हीच चार खाचांची फुली असायची. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात तीच वापरायची म्हणून मला फार आनंद झाला होता.

दुसरी वायपर मोटर, सायकलच्या चाकांनी तशीच वेगाची घट दोनदा. क्रँकला एक फेरा साधारण ८ सेकंद. १२ मिमी प्लायमधून फुली कापली. क्रँकवरची कोर दिलेली तबकडी आणि फुलीच्या खाचांमधल्या आत वळलेल्या कडा मी टाळल्या. कामाला वेळ लागत होता आणि मला ती शोभा वाटली. ती शोभा नाही. खुंटी खाचेबाहेर असते तेव्हा फुलीला जागेवर धरून ठेवतं ते तेवढंच. ते नसल्यामुळे चौथरा थांबल्यावर दोन बोटं सरकला, पुढच्या फेऱ्याला खुंटी खाचेच्या तोंडावर आदळली आणि प्लायचा कोपरा उडाला.

१० ऑगस्ट, रविवार

कोपरा चिकटवून, तबकडी लावून पुन्हा चालवलं. आता जागेवर थांबतो. पण फिरताना मधोमध इतक्या जोरात जातो की वेणीच्या प्रसंगातल्या जनाबाईची मान हलली आणि पाण्याची घागर पडली. चौथऱ्यावर सुमारे १८ किलो आहे.

रात्री हिशोब केला. चार खाचांमध्ये क्रँकच्या फेऱ्याचा फक्त पाव भाग हालचालीला मिळतो, म्हणजे ८ पैकी २ सेकंदांत ९० अंश. मधोमध फुलीचा वेग क्रँकच्या २.४ पट होतो. सहा खाचांत तिसरा भाग मिळतो, फिरायचं फक्त ६० अंश, आणि मधला वेग क्रँकइतकाच. सगळ्यांत मोठा झटका जवळजवळ चौथाईवर येतो. फिल्म हलकी असते म्हणून प्रोजेक्टरला चार चालतात. १८ किलोला नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मंडळाला सांगितलं की प्रसंग सहा करावे लागतील. मूर्तिकाम करणारी पोरं आधी वैतागली, वेळ नव्हता. मग एका काकांनी झाडलोट आणि कांडण सुचवलं : जनी झाडते, विठ्ठल केर भरतो. पोरांनी तीन रात्री जागून आकृत्या केल्या.

नवं चाक कापायला दुसरी प्लायशीट, २६०० रुपये. केंद्रांतलं अंतर ३०० मिमी, क्रँकची खुंटी १५० वर, चाकाची त्रिज्या २६०. खुंटीवर या वेळी ६०८ नंबरचं बेअरिंग घातलं म्हणजे प्लाय घासणार नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

चाक अडकलं. खाचेचा तळ मी केंद्रापासून १५० मिमीवर काढला होता, जिथे खुंटीचा मध्य पोचतो. बेअरिंगची जाडी धरली नाही. ते २२ मिमी व्यासाचं, म्हणजे तळ आणखी ११ मिमी आत हवा. फुलीच्या वेळी साधा बोल्ट होता आणि खाच मुळातच खोल कापली होती, म्हणून तेव्हा कळलं नाही. जिगसॉनं तळ १३७ वर नेला. अर्ध्या तासाचं काम.

चालवलं. घागर हलली नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

जनाबाईचा दुसरा हात मोकळा होता. आजी म्हणाली होती की एक हात खुंट्यावर असतो आणि दुसऱ्यानं वैरण घालायची, म्हणजे मूठभर धान्य जात्याच्या तोंडात. हरोन्स-नेल्सनच्या पानांत तसा आलेख शोधला. त्यात रेघ तुकड्यातुकड्यांची असते, तुकडा लांब तिथे बिंदू वेगात, आखूड तिथे संथ. तोंडाशी संथ आणि वर उचलताना वेगात असा एक छान मिळाला. त्यावरून क्रँक ४०, मधली लिंक १२०, रॉकर १००, पाया (न हलणारी लिंक) ११० घेतला. एका जागी लिंकांमधला कोन ३६ अंशांखाली येत होता आणि तिथे तो रखडायचा. पाया १२५ केला, कोन ४४ झाला, रखडणं थांबलं.

टेबलावर उत्तम चालला. धडावर बसवला तर मूठ जात्याच्या तोंडाऐवजी कधी कपाळाशी, कधी मांडीवर. नकाशातला पाया स्थिर असतो. माझा पाया म्हणजे जनाबाईचं धड, तेच झुलतंय. दोन दिवस गेले होते, तीन उरले होते.

घाईत दुसरा मार्ग काढला : कोपराला नायलॉनची दोरी, दुसरं टोक चौथऱ्याला. धड मागे गेलं की मूठ उचलली जाते, पुढे आलं की तोंडावर येते. दिसायला चांगलं. आजीला रिक्षानं आणून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "प्रत्येक फेऱ्याला वैरण घातली तर पीठ जाडं पडतं. जनाबाई असं दळायची नाही." दोरी सोडली. दुसरा हात मांडीवरच्या सुपावर ठेवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सलग पाच तास चालवून बघितलं. जात्याची मोटर हात लावू नये इतकी तापते. वायपर मोटरला पाच तास सलग चालायची सवय नसते. टायमर बसवला : दहा मिनिटं चालू, तीन बंद. बंद वेळेत दिवा विठ्ठलाच्या चेहऱ्यावर येतो आणि अभंग चालू राहतो. थांबणं मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

३१ ऑगस्ट, रविवार

काल रात्री गर्दीत चेन उतरली. ताण देणारा रबरी गोल तुकडा सरकला होता. वीस मिनिटं बंद. बाकी ठीक.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज सोडवणूक. यंत्राचा एकूण खर्च १५,४१०. त्यातले ३,४८० चुकांचे : जादा प्लाय २६००, रॉड एंड ३८०, तोडून पुन्हा केलेलं वेल्डिंग ५००.

सहा खाचांच्या चाकाला खाचेच्या तोंडाशी जवळजवळ एक मिमी झीज आहे, तळाला काही नाही. पुढच्या वेळी तोंडाला पत्रा मारावा लागेल. खुंट्यावरची खालची नळी घट्ट आहे, वरच्या बुशात खेळ आला. तिला तेल कमी पोचलं. दोन्ही धडांच्या पट्ट्या, नळ्या आणि चाक मार्करनं मापं लिहून तालमीच्या माळ्यावर ठेवले. पाच-पाच किलोच्या दोन प्लेटा वस्तादांना दिल्या.